तुळजाबाई कुणाच्या गाडीत?

गावात प्लेगचे उंदीर पडायला लागले तशी तहसीलमधून दवंडी आली, की दुपारच्या आत गाव खाली करा. नेकनूरमागच्या डोंगरातल्या झाडीत ज्यानं त्यानं गवता-पाल्याची कोपी घालायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथंच चूल मांडायची. उत्तरेश्वर आणि त्याचा थोरला भाऊ त्रिंबक यांनी दोन गाड्या जुंपल्या. घरात गाड्या दोन, सुना दोन, सासू मात्र एकच, तुळजाबाई.

धाकटी सून सावित्री प्लेगला भीत होतीच. पण तुळजाबाईंच्या शेजारी बसून, आपल्या माहेराचा उद्धार ऐकत घाट चढायचा, याची तिला त्याहून जास्त धास्ती. तिनं गाडीत ज्वारीची पोती टाकली, जातं टाकलं, उरल्या जागेत स्वतः बसली आणि नवऱ्याला निघायची घाई केली. त्यानं आईचं विचारलं.

"आत्याबाई मागच्या गाडीत हायत," ती म्हणाली. तिनं काही पाहिलं नव्हतं. पण असतीलच की, जाणार कुठं?

वाट फार सुखाची गेली. सावित्रीनं दोन ओव्या म्हटल्या, नवऱ्याशी चार गोष्टी केल्या. मागच्या गाडीतून थोरली जाऊ छबुबाईचं हसू ऐकू येत होतं. सासू शेजारी असून ही हसते कशी, असं सावित्रीला वाटलं खरं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

डोंगरात पोचल्यावर छबुबाई तिच्याजवळ आली.

"आत्याबाईंना उतरवलं का?"

"त्या तुमच्या गाडीत न्हाईत?"

दोघींची तोंडं पांढरीफटक पडली. सत्तरीची म्हातारी, ओस गाव, घराघरात मेलेले उंदीर. आपणच खोटं बोललो, आता म्हातारीचं काही झालं तर या जन्मात तोंड वर काढता येणार नाही, हे सावित्रीला कळून चुकलं. उत्तरेश्वरनं बैल पुन्हा जुंपले. ती त्याच्याबरोबर निघाली आणि वाटेला पाणी हवं म्हणून शेजारणीच्या, बायनाबाईच्या कोपीत तांब्या मागायला वाकली.

आत तुळजाबाई मांडी घालून भाकरी-ठेचा खात होत्या.

सावित्री मटकन खाली बसली आणि सासूचे पाय धरून ढसाढसा रडली.

"रडती कावून?" तुळजाबाई म्हणाल्या. "म्या बायनाच्या गाडीत आले. तुमा दोघींची कटकट ऐकून कान किटले माजे. आता आठ दिस हितंच ऱ्हाते म्हन."

सावित्रीनं बाहेर धावत जाऊन बैल सोडायला लावले. उत्तरेश्वरनं सुस्कारा टाकला. छबुबाईनं आनंदानं सावित्रीला मिठीच मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच. आठ दिवस! म्हातारी सुखरूप, आणि वर आठ दिवस! मग दोघींनी लगबगीनं सासूचं अंथरूण गुंडाळलं, एक टोक हिनं धरलं, एक तिनं, आणि हसतखिदळत बायनाबाईच्या कोपीत नेलं.

तुळजाबाईंनी दारातून हा जोडीचा थाट पाहिला. हातातला घास तसाच राहिला. त्या ताटावरून उठल्या आणि हात धुऊन पदर खोचला.

"बायना, निघते मी," त्या म्हणाल्या. "ह्या दोघींची एकी झालीया. आता म्या घरात असायलाच पायजे."