शांताक्कांचा एक पाय

आमच्या गल्लीतल्या शांताक्का पिठाच्या गिरणीत रांगेला उभ्या राहायच्या त्या एकाच पायावर. दुसरा गुडघ्यात दुमडून वर. एकदा कुरुंदवाडहून आलेल्या एका पाहुण्यानं काळजीनं विचारलं, "पायाला लागलंय व्हय?" अक्का म्हणाल्या, "पावणं, तुमी असं उभं ऱ्हाऊन दावा की!" पाहुणा बिचारा पाच आकडे मोजायच्या आत माझ्या ज्वारीच्या डब्यावर बसला.

अक्का शाळेतल्या निवृत्त ड्रिलच्या बाई, एकट्याच राहायच्या. गल्लीतली झाडून सगळी जाड पोरं-पोरी त्यांच्या तावडीत, आणि त्यात मी आघाडीवर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नववीत होते आणि शाळेच्या लेझीम पथकात जायचं एवढंच वेड डोक्यात होतं. पहिल्याच सरावाला एक पाय उचलून वाकले आणि सगळ्यांसमोर आपटले. मला बाजूला बसवून टाळ्या वाजवायचं काम दिलं. घरी येऊन खूप रडले.

आईनं मला अक्कांकडे नेलं आणि वजनाचं रडगाणं सुरू केलं. "वजन बाजारात करायचं," अक्का कडाडल्या. "पोरगी उभी ऱ्हातीया का, ते बघूया."

मग रोज सकाळी त्यांच्या अंगणात एका पायावर दात घासायचे, डोळे मिटून उभं राहायचं आणि म्हशीच्या दुधानं काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन बुटक्या कट्ट्याच्या कडेवरून चालायचं. सांडेल ते मांजराचं. महिन्याभरात मांजर माझ्यापेक्षा जाड झालं.

"अक्का, पडले तर?"

"मी मागं हाय. पर हात लावणार न्हाय."

आणि खरंच, दोन्ही हात पसरून त्या माझ्या मागून चालायच्या. हात कधी लावला नाही.

पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी लेझीम खेळले, पहिल्या रांगेत. वजन होतं तेवढंच होतं, पण तोल एकदाही गेला नाही. समोर अक्का पदरानं डोळे पुसत उभ्या होत्या, अर्थात एका पायावर. त्या दिवसाचा अभिमान मला अजून पुरतो.

लग्न होऊन मी जयसिंगपूरला गेले. काही वर्षांनी भेटायला आले, तेव्हा अक्कांचे गुडघे गेले होते. भाच्यानं आणलेली काठी खिळ्याला टांगलेली. मला अंगणातली जास्वंद दाखवायला त्या उठल्या, लडखडल्या. मी धावले.

"हात लावू नगंस!"

मी मागे सरले. अक्का दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. मागे न बघताच हळू आवाजात म्हणाल्या,

"मागं हाईस न्हवं?"

"हाय, अक्का," मी म्हणाले. माझे दोन्ही हात पसरलेलेच होते.