दोन वाट्या बिया आणि एक स्लीप मास्क

सुई-दोरा बघून घाम फुटणाऱ्यांतला मी नव्हे! हॉस्टेलला असताना शर्टाची बटणं मीच लावायचो, आणि त्यातली बरीचशी टिकायची. त्यामुळे बायकोला वाढदिवसाला स्वतःच्या हाताने शिवलेला स्लीप मास्क द्यायचं ठरवलं, तेव्हा मला जरासुद्धा टेन्शन नव्हतं. टेन्शन नंतर इतरांना आलं.

माझी बायको गीतांजली नर्स आहे. गेले चार महिने नाइट ड्युटी! सकाळी ती आमच्या सानपाड्याच्या फ्लॅटवर येते, तेव्हा सूर्य आमच्या बेडरूममध्ये मुक्कामालाच आलेला असतो. बिचारी स्कूटीवरच्या मुलींसारखी ओढणी तोंडाला गुंडाळून झोपायची आणि तासाभरात घामाघूम होऊन उठायची. झोप नाही की चिडचिड. चिडचिड कोणावर, हे विवाहितांना सांगायला नको. तिला एकदा तरी पोटभर झोप मिळावी, असं मला मनापासून वाटत होतं. तिच्या झोपेची गरज तिच्यापेक्षा मलाच जास्त होती!

मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, मास्कमध्ये अळशी भरा, डोळ्यांना छान हलका दाब मिळतो. कापड ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यात सापडलं. इलॅस्टिक मी अंगातल्या हाफ पँटमधून काढलं. प्रेमात त्याग करावाच लागतो! राहिली अळशी. आमच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या बरणीत जिरं असतं आणि जिऱ्याच्या डब्यात रबरबँड. पण एका बरणीत काळ्या बारीक बिया मिळाल्या. बी ती बी! दोन वाट्या ठासून भरल्या.

रविवारी सकाळी गीतांजली ड्युटीवरून आली. मास्क हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली.

"सुभाष, हे काय? उशीचं पिल्लू?"

"स्लीप मास्क! हॅपी बर्थडे! मी शिवलाय!"

"तू?" तिचे डोळे पाणावले. मलाही भरून आलं. "मग जरा गार करून दे ना. डोळे नुसते जळतायत."

मी मास्क गार गुलाबपाण्यात चांगला बुडवला, अलगद पिळला आणि तिच्या डोळ्यांवर चढवला. ती आडवी झाली. आता पहिलंवहिलं शिवणकाम, राहवतंय कुठलं! मी सारखा दार उघडून विचारत होतो, "कसं वाटतंय?" आधी उत्तर आलं "छान." मग "हं." मग काहीच नाही. म्हटलं, झोपली बुवा!

तासाभराने बेल वाजली. एका हाताने पँट धरून मी दार उघडलं. दारात सासूबाई! लेकीच्या वाढदिवसाला घणसोली गावातून अख्खा जिताडा घेऊन आल्या होत्या. मासा माझ्या मोकळ्या हातात देऊन त्यांनी दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

"नाडी नाय का जावईबुवा?"

"हळू बोला, गीता झोपलीय."

"पोरीला बघून येते." त्या आत गेल्या, आणि पुढच्याच क्षणी किंकाळी! "अगं बाय गं! माझे पोरीचं डोलं भायेर आलं!"

मासा ओट्यावर टाकून मी धावलो. मास्क टम्म फुगला होता, आणि माझ्या टाक्यांमधून बुळबुळीत गोळ्या बाहेर येऊन गालांवर ओघळत होत्या. प्रत्येक गोळीत एक काळा ठिपका! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अळशी कसली, तो फालुद्यातला सब्जा होता! पाणी लागलं की चौपट फुगणारा!

पण मग ही उठत का नाही? आईने एवढी बोंब ठोकली, तरी हूं की चूं नाही!

"गीता!" मी मास्ककडे हात नेला.

"हात नका लावू! डोला हातात येल!" सासूबाई ओरडल्या.

आवाज ऐकून शेजारचे धर्मराज काका आले. "अँब्युलन्स बोलावू का?"

"बोलवा काका, पाया पडतो!" मी दोन्ही हात जोडले. तीच चूक झाली. त्यातला एक हात पँटला हवा होता. काकांनी तत्काळ भिंतीकडे तोंड केलं, सासूबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला.

पँट सावरून मी गीतांजलीच्या पायाशी बसलो. मला खरंच रडू फुटलं. "ऊठ गं! परत सुईला हात लावणार नाही!" म्हणत मी तिचे तळवे चोळायला लागलो. गुदगुल्या झाल्या असणार. ती ताडकन उठून बसली. मास्क पचकन मांडीवर पडला. डोळे जागेवर होते, दोन्ही!

"काय मस्त झोप लागली होती रे!" तिने आळस दिला. "आणि आई, तू कधी आलीस?"

झालं! माझी छाती अशी फुगली, की सब्जाने लाजावं.

"बघा सासूबाई! एवढ्या आरडाओरड्यात ढाराढूर झोपली होती. ही आपल्या मास्कची कमाल!"

"काय? काय म्हणतोयस?" असं म्हणत गीतांजलीने दोन्ही कानांतून कापसाचे हे एवढे बोळे काढले. "तू मिनिटामिनिटाला 'कसं वाटतंय' विचारून डोकं खात होतास, म्हणून घातले."

सासूबाईंनी गादीवरच्या चिकट पसाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग कापूसच आनायचा ना, जावईबुवा!"