बालाजी आधी कॅमेऱ्याला सांगतो

बालाजीच्या हातात दोन बादशाह आले की ते आख्ख्या औशाला कळतं. तो स्वतःच सांगतो. पत्ते छातीशी धरतो, तोंडापुढे हाताचा आडोसा करतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे वळून कुजबुजतो, "दोन बादशाह हायत बघ. आज न्हाई सोडत यांना." कुजबुज निलंग्याच्या माणसाची, खाली दुकानात खत घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही मान वर करून बघतं. गोविंद आणि मी मुकाट्याने पत्ते टाकून देतो. बालाजीला मूठभर चिंचोकेही मिळत नाहीत आणि वर तो आम्हालाच भित्रे म्हणतो.

आमचं पोकरचं यूट्यूब चॅनल आहे. नांदेडला कॉलेजात असताना बालाजी, गोविंद, कंधारचा इरफान आणि मी एका खोलीत राहायचो. इरफान स्वतः कधी पत्ता हातात धरायचा नाही. तो बालाजीच्या पाठीशी बसून फुकटचे सल्ले द्यायचा आणि बालाजी ते ऐकून हरायचा. पुढे इरफान मस्कतला एका दुकानात नोकरीला लागला, आणि त्याच सुमारास बालाजीने हे चॅनलचं खूळ काढलं.

दर रविवारी दुपारी औशातल्या आमच्या बी-बियाणांच्या दुकानाच्या माडीवर शूटिंग होतं. चिप्स म्हणून चिंचोके, कारण पैसे लावले तर वडील आम्हाला माडीवरून खाली टाकतील. बालाजी निलंग्याहून एसटीने येतो तो काळा गॉगल लावूनच. पोकरवाले डोळे लपवतात म्हणे. हा गडी डोळे झाकतो आणि तोंड उघडं ठेवतो. प्रेक्षक म्हणाल तर बहुतेक आमचे नातेवाईक. गोविंदची मावशी प्रत्येक व्हिडिओखाली न चुकता विचारते, जेवलात का?

मी त्याला किती समजावलं. मनातलं नंतर बोल, घरी बसून आवाज भर, सगळे तसंच करतात. त्याला ते पटेना. "पत्ते हातात असतानाच सांगण्यात मजा हाय," तो म्हणाला. "नंतर काय शिळं सांगायचं व्हय?"

एकदा त्याने ब्लफ करायचं ठरवलं, म्हणजे हातात काही नसताना खूप असल्याचा आव आणायचा. आधी कॅमेऱ्याकडे वळला. "हातात काय बी न्हाई, पण लई हाय असं दाखवायलोय," असं कुजबुजला. मग दगडासारखा चेहरा करून सगळे चिंचोके पुढे ढकलले. गोविंद हसता हसता गादीवरून खाली आला.

पण गोविंदला चॅनल खरंच मोठं करायचं होतं. शेवटी त्याचं डोकं फिरलं. पुढच्या रविवारी बालाजी खेळताना बोलला तर चॅनल बंद, असं त्याने जाहीर केलं. बालाजीचं तोंड एवढंसं झालं.

त्या रविवारी तो गालात गुळाचा खडा धरून बसला. एक अक्षर बोलला नाही. आणि जिंकला, आमचे सगळे चिंचोके घेऊन जिंकला. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर तो चहासुद्धा न घेता एसटी धरायला निघून गेला.

व्हिडिओ टाकला आणि मंगळवारी इरफानचा फोन आला. आवाज पडलेला होता. "बाल्या माझ्यावर नाराज हाय का रे? या बारी त्यानं पत्तेच सांगितले न्हाईत."

मला काही कळेना. मग तोच म्हणाला, "जेवायच्या सुट्टीत मी व्हिडिओ लावतो. तो पत्ते सांगतो, मी सांगतो टाक का ठेव. त्याला ऐकू जात न्हाई, मालूम हाय. तरी सांगतो. इथं दुसरं कोण हाय बोलायला?"

मी फोन ठेवला. इतके दिवस आम्ही जिला हसलो ती कुजबुज आमच्या प्रेक्षकांसाठी नव्हतीच. बालाजी आपल्या पाठीशी बसणाऱ्या माणसाशी बोलत होता. मी गोविंदला सांगितलं. तो म्हणाला, "मंग आपण कानात बोटं घालू."

पुढच्या रविवारी बालाजी गुळाचा खडा घेऊनच आला. पत्ते उचलले आणि बघतो तर आम्ही दोघं पत्ते पालथे ठेवून कानात बोटं घालून बसलेलो. त्याने गूळ तोंडातून काढला, गॉगल काढला आणि कॅमेऱ्याजवळ सरकला.

"इरफान, दोन एक्के हायत. काय करू?"

आणि तो थांबला. उत्तर येईल एवढा वेळ थांबला, मग मान डोलावली.

कानात बोटं घालून ती कुजबुज थोडीच अडते? माझ्या हातात काहीच नव्हतं. तरी या वेळी पत्ते टाकून न देता मी माझे सगळे चिंचोके पुढे सरकवले.