नामशेष कासवाची सत्तावीस पिल्ले

नाईलकाठच्या व्हुकोनी कोळ्याच्या तळ्यात मऊ कवचाच्या दुर्मीळ कासवांची एक जोडी होती. अकरा वर्षे त्याने त्यांना मासे आणि गोगलगायी भरवल्या. "रश्शाला कधी बोलावतोस?" असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलणे टाकले. अखेर मादीने वाळूत अंडी घातली, तेव्हा कायद्याला भिऊन असलेला हा माणूस पैदाशीचा परवाना मागायला वन्यजीव कार्यालयात गेला.

द्रासी साहेबांनी नोंदवही उघडली. "बाबा, ही जात आपल्या जिल्ह्यातून नामशेष झालेली आहे. नामशेष प्राण्याची पैदास करता येत नाही."

"अहो साहेब, मादी टोपलीत आणलीय की!"

साहेब बघायला वाकले. मादीने त्यांचा टाय जबड्यात धरला. तो शेवटी कात्रीने कापावा लागला. साहेबांनी नोंद केली: 'अज्ञात प्राण्याकडून शासकीय पोशाखाचे नुकसान.'

"अज्ञात कसा?"

"नामशेष प्राणी चावल्याचा रकाना नाही."

मग तोडगा निघाला. तळ्यातला प्राणी पाळीव, म्हणून बाद. पण पाहणी समितीला तो नदीत दिसला, तर त्याचे अस्तित्व मान्य होईल. व्हुकोनीने जड मनाने मादी नदीत सोडली.

"आता मलाही सोडून या," बायको एयोतारू कडाडली. "समितीला सापडले, तर माझीही नोंद होईल!"

समिती तीन दिवस नावेतून फिरली, तिने भाजलेले मासे खाल्ले, आणि कासव न दिसल्याने नामशेषपणावर शिक्कामोर्तब करून परतली.

इकडे अंडी फुटली. सत्तावीस पिल्ले! व्हुकोनी धावत कार्यालयात गेला.

"आईबाप अस्तित्वात नाहीत, म्हणजे पिल्ले अनाथ," साहेब म्हणाले. "अर्ज अनाथालयाकडे करा."

"बाप तळ्यात बसलाय, साहेब!"

"तोच बाप असल्याचा दाखला?"

महिन्याभराने कार्यालयाने नामशेष कासवाचा स्मृतिदिन थाटात साजरा केला. सिमेंटच्या कासवाला हार घातला. गवंड्याने खरे कासव पाहिलेले नसल्याने पुतळ्याला कान होते. व्हुकोनी पिल्लांची बादली घेऊन मंडपाशी आला. निदान आज तरी कुणी बघेल, असे त्याला वाटले.

"जिवंत जनावर आत न्यायला बंदी आहे," पहारेकऱ्याने अडवले.

व्हुकोनी खाली नदीवर गेला. त्याने एकेक पिल्लू तळहातावर घेतले, क्षणभर पाहिले आणि पाण्यात सोडले.

त्याच वेळी मंडपात दोन मिनिटे शांतता पाळली जात होती. सगळेच माना खाली घालून उभे होते. त्यामुळे नदीकडे कुणाचे लक्ष गेले नाही.