सुकदेव नानांचा गार ट्रक

ऐन मे महिन्यात, भर दुपारी, जळगावात कानटोपी घालून बसलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना ट्रक उभा असे आणि त्याच्या कॅबिनमध्ये सुकदेव नाना बसलेले असत. तांबड्या लोकरीची टोपी, हनुवटीखाली गच्च गाठ, आणि चेहऱ्यावर भाव असा, की आत्ताच काश्मीरला माल टाकून आलो.

"नाना, ही टोपी कशाला?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, गारवा दिसस का?"

"नाही."

"टोपी दिसस."

नानांच्या ट्रकला एसी होता. ही गोष्ट नव्वदच्या आगेमागेची. त्या काळी आमच्याकडे एसी म्हणजे सिनेमाच्या पडद्यावर बघायची वस्तू. एका श्रीमंताची मोडलेली मोटार भंगारात निघाली, तिच्यातला एसी नानांनी उचलला आणि धुळ्याच्या एका मेकॅनिककडून आपल्या ट्रकला बसवून घेतला. गल्लीनं पोट धरधरून हसून घेतलं. कोणी म्हणालं, म्हशीला पैंजण घातले. नाना उलट खूश झाले. "घातले ना? मग चालताना वाजतील," म्हणाले.

नानांचा जन्म एरंडोलकडच्या एका खेड्यातला, उभं आयुष्य हायवेवर गेलेलं. बोलणं निम्मं अहिराणी, निम्मं शहरी. अक्का, म्हणजे त्यांची बायको, वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा विलास नाशिकला नोकरीत. घरात नाना एकटे, पण घरात ते सापडायचेच नाहीत. कापसाच्या दिवसांत कापूस, एरवी केळी, तूर, मिळेल तो माल घेऊन जायचं आणि उरलेल्या वेळात ट्रकच्या पोटात डोकं घालायचं.

मी एका दालमिलमध्ये कारकून होतो. मिलमधून जेवायला घरी आलो की नाना हाक मारत, "भाऊ, या, हवा खाऊन जा." आत बसवलं की ते आधी उदबत्ती लावत. देवासाठी नव्हे. धूर एसीच्या तोंडासमोर कसा वाकतो ते दाखवायला. मग आपल्याकडे रोखून बघत विचारायचे, "हिव वाजस ना?" या प्रश्नाला एकच उत्तर चालायचं. "बरं वाटतंय" म्हणणाऱ्या पोस्टमनला त्यांनी थंडी वाजेपर्यंत उतरू दिलं नव्हतं.

पण एसीत एक खोट होती. ट्रक रस्त्याला लागला की गारेगार. उभा राहिला की पाच मिनिटांत आतली हवा कोमट, मग गरम, आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा तांबड्या खुणेकडे सरकायला लागायचा. म्हणजे दुपारी गल्लीत नाना जे कानटोपी घालून बसत, ते बऱ्याचदा भट्टीत बसत. टोपीखालून घामाचे ओघळ आले, तर म्हणत, "डोक्याले तेल जास्त व्हयनं."

धुळ्याच्या मेकॅनिकनं दोनदा गॅस भरला. फरक पडला नाही. "लुच्चा शे," असा निकाल देऊन नानांनी तपास आपल्या हाती घेतला.

"भाऊ, इचार करा. गाडी पळस तव्हा समोरचा वारा जाळीतून आपसुक मझार घुसस. उभी राहिली की वारा कोण ओढी? पंखा! मंग चोर कोण?"

"पंखा."

"शाब्बास."

इंजिनासमोरच्या पंख्यानं पुढच्या जाळीतून हवा ओढून घ्यायची असते. नाना इंजिन चालू ठेवून जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरत आणि हात सोडत. पंख्याला ओढ असेल, तर पान जाळीला चिकटून राहायला हवं. पान सरळ मातीत पडायचं. नाना कमरेवर हात ठेवून त्या पानाकडे असे बघत, जणू त्यानंच दगा दिला.

"फिरस भलता, पण ओढ नही!"

हे वाक्य मग त्यांना सगळीकडे लागू पडायला लागलं. गल्लीतला नवा पुढारी, देवळातला भजनी, माझा मेहुणा. "तुमचा मेहुणा भाऊ, फिरस भलता..." पुढचं मी समजून घेत असे.

त्यांनी पंख्याचा पट्टा बदलला. पान पडलं. पंखाच बदलला, मोठा आणला. तरी पडलं. एप्रिल संपत आला तशी त्यांची चिडचिड वाढली. केळीचं भाडं आलं, तेही परत पाठवलं. मी म्हटलं, "नाना, इतकी काय घाई? एसीशिवाय जन्म काढलाच ना?"

"नाशिकच्या शाळा सुटायच्या आत व्हायला पाहिजे," ते एवढंच म्हणाले. आणि डोकं परत ट्रकच्या पोटात.

शेवटी एका रविवारी त्यांनी एसीची पुढची जाळीच उतरवली. तिच्या मागे इंजिनाच्या पाण्याचा रेडिएटर. पुढून बघा, जाळी स्वच्छ. मागून बघा, रेडिएटर स्वच्छ. आणि दोघांच्या मधल्या बोटभर फटीत कापूस! जिनिंग मिलच्या आवारात कापसाच्या खेपा टाकताना उडालेली रुई आत शिरून धुळीसकट इतकी घट्ट बसली होती, की नानांनी ती घडी न मोडता बाहेर काढली. बोटभर जाड, करड्या रंगाची, सबंध गोधडीसारखी.

नानांनी ती उलटीपालटी करून बघितली. मग एकाएकी हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "बठ्ठा उन्हाळा बिचारी गाडी गोधडी पांघरीसन पळनी, आणि मी म्हणू तिले गरम कसं व्हस!"

जाळी परत बसवली, इंजिन चालू केलं, पान धरलं, हात सोडला. पान चपकन चिकटलं. ते काढायला नानांना नखं लावावी लागली. दुसऱ्याच दिवशी ते केळीची मोठी फणी घेऊन धुळ्याला गेले आणि ज्याला लुच्चा म्हटलं होतं त्याला देऊन आले. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. तो मेकॅनिक अजून कोड्यात असेल.

मेमध्ये सूनबाई वंदना आणि नात पिंकी आल्या. विलासला रजा नव्हती. पिंकी सहा-सात वर्षांची, दोन वेण्यांची, प्रश्नांचं गाठोडं. आल्या संध्याकाळी वंदनावहिनी आमच्या ओट्यावर बसल्या असताना माझ्या बायकोला सांगत होत्या, "मागच्या मेमध्ये बाबांनी हिला हौसेनं ट्रकमध्ये बसवलं. गल्लीबाहेर जात नाही तोच उकाड्यानं हिच्या नाकाचा घोळणा फुटला. फ्रॉक रक्तानं भरला. मी घाबरले आणि तोंडून गेलं, की हा ट्रक थंड होईल तेव्हाच पोरगी यात बसेल. रागात बोलतो हो माणूस. त्यांनी एवढं मनावर घेतलं असेल, मला काय माहीत!"

माझ्या बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी ट्रककडे बघितलं. वर्षभर आम्ही सगळे त्या एसीला हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पद्मालयाच्या गणपतीला निघालो. नाना, पिंकी, वंदनावहिनी आणि मी. "साक्षीदार लागी," म्हणून मला मिलमधून रजा काढायला लावली होती. जाताना सगळं ठीक. परतताना भर उन्हात रेल्वेचं फाटक बंद. पुढे बैलगाड्या, मागे एसटी. ट्रक उभा.

नानांनी इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर काट्यावर. वहिनींनी पिशवीतून हळूच ओला रुमाल काढून हाताशी ठेवला. तो नानांना दिसला. बाहेर डांबर वितळत होतं. मालगाडी आली, तीही संपता संपेना. काटा मधल्या खुणेवर येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

"आजोबा," पिंकी म्हणाली, "मला थंडी वाजतेय."

 वहिनींनी रुमाल पिशवीत टाकला आणि पदर पोरीच्या अंगावर ओढला. फाटक उघडलं, बैलगाड्या गेल्या, मागची एसटी भोंगा वाजवून थकली, तरी ट्रक जागचा हलेना. शेवटी मी म्हटलं, "नाना, फाटक उघडलं."

"हां? हां," म्हणाले आणि निघाले. रस्ताभर ओळखीच्या-अनोळखी प्रत्येक ट्रकला त्यांनी हात केला.

गल्लीत पोचलो तेव्हा पिंकी गाढ झोपली होती. वीज गेलेली. घरोघरची माणसं पंखे बंद म्हणून ओसरीवर येऊन पदरानं, पुठ्ठ्यानं वारा घेत होती. वहिनी पोरीला उचलायला लागल्या, तसे नाना कुजबुजले, "राहू दे बेटा. घरात उकडेल, जागी होईल."

त्यांनी चाकाला दगड लावला. आम्हाला एकेक करून उतरवलं, खिडकीची काच बोटभर खाली ठेवली आणि दार अलगद ओढून घेतलं. इंजिन चालूच. स्वतः मात्र बाहेर, खिडकीशी उन्हात उभे राहिले.

"नाना, तुम्ही तरी आत बसा," मी म्हटलं.

"दार उघडलं की गार सांडस."

"मग आमच्या ओसरीवर या. पाणी घ्या. निदान सावलीत तरी उभे राहा."

"सावलीतून काटा दिसस नही, भाऊ."

वंदनावहिनी हे ऐकत आपल्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, खुंटीवरची छत्री घेऊन आल्या आणि सासऱ्यांच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. नाना जरा संकोचले, थोडे सरकले आणि त्यांना काटा दिसेल एवढी जागा करून दिली. मग दोघंही खिडकीतून आत बघत राहिली.