खड्डा की उंचवटा

दिवाणखान्याची एक भिंत रंगासाठी मी स्वतः तयार करायची ठरवली, तेव्हा मी अगदी आनंदात होतो. (ठरवताना मी नेहमीच आनंदात असतो.) तीन भिंती पेंटरने घासून, भरून ठेवल्या होत्या. सोफ्यामागची चौथी मी हट्टाने मागून घेतली. कारण रविवारी सासरे राहायला येणार होते. ते बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, आणि लग्नापासून त्यांचं माझ्याबद्दल एकच मत: 'यांच्या हातून खिळासुद्धा सरळ जात नाही.' ते मत मला एकदाचं खोडून काढायचं होतं. बायकोने लगेच फोनही लावला, "बाबा, एक भिंत हे स्वतः करतायत!" त्यांनी म्हणे दोनदा विचारलं, 'कोण करतंय?'

पेंटरने जाताना शिकवून ठेवलं होतं. "पडदे ओढा. टॉर्च भिंतीला लावून आडवा धरा. सावली दिसली की तिथे भिंत खराब. खड्डा असेल तर पेन्सिलने गोल काढा, उंचवटा असेल तर फुली. मग गोलात पुट्टी भरा, फुली पॉलिश पेपरने घासा. पण हात फिरवून बघत जा."

शनिवारी दुपारी बायकोने डावीकडून टॉर्च धरला. पहिली दोन ठिकाणं मी हाताने चाचपली आणि तिथल्या तिथे नियमच काढला: डावी कड काळी दिसली की खड्डा, उजवी काळी दिसली की उंचवटा. आता हात फिरवायची गरजच उरली नाही. (हेडक्लार्क उगाच झालेलो नाही.) मी भिंतीला नाक लावून धडाधड गोल आणि फुल्या काढत सुटलो.

थोड्या वेळाने माझं डोकं गरगरायला लागलं.

"अहो, इथे मघाशी फुली मारली होतीत. आता गोल काढताय?"

"मघाशी इथे उंचवटा होता."

"आणि आता?"

"आता खड्डा आहे."

"भिंत हलतेय का आपली?"

"तू टॉर्च नीट धर!" मी ओरडलो, कारण मलाही तीच शंका येत होती.

मग मी पुट्टी भरली. घासलं. पुन्हा भरलं. जितकं घासावं तितकं आत जात होतं, जितकं भरावं तितकं वर येत होतं. शेवटी पडदे उघडले आणि मी सोफ्यावर बसूनच घेतलं. भिंतीला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

"अगं, तू टॉर्च कुठून धरला होतास?"

"आधी डावीकडून. मग हात भरून आला म्हणून उजवीकडे आले. मध्ये दूधवाला आला, तेव्हा परत डावीकडे."

"मग सांगायचं नाही? बाजू बदलली की सावली उलटी पडते!"

"त्यात सांगायचं काय? उजेड तो उजेड!"

 

रविवारी सकाळी पेंटरने डोळे मिटून भिंतीवरून तळहात फिरवला आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. "साहेब, खड्डे होते ते खोल केलेत, आणि उंचवट्यांवर मजले चढवलेत. हे तासायला दोन दिवस लागतील."

दोन दिवस कुठून आणायचे? सासरे संध्याकाळी येणार होते. पेंटरने चारही भिंतींना एकच रंग फासला आणि रंग सुकल्यावर तो शिडी आवरत असतानाच सासरे दारात उभे राहिले.

ते थेट सोफ्यामागच्या भिंतीपाशी गेले.  त्यांनी चष्मा वर केला, बोटं फिरवली, दोन पावलं मागे येऊन पुन्हा पाहिलं.

"वा! हल्ली मोठ्या हॉटेलांत असंच खडबडीत काम करतात. याला हात कसलेला लागतो." आणि त्यांनी पेंटरची पाठ थोपटली.

"बाबा, ती भिंत..." मी पुढे झालो. पेंटरने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग नम्रपणे मान खाली घातली. "जमून गेलं साहेब," तो म्हणाला.

तोवर सासरे दाराजवळच्या, काचेसारख्या गुळगुळीत भिंतीपाशी पोचले होते. तिच्यावरून हात फिरवत त्यांनी एक सुस्कारा सोडला.

"ही जावईबापूंची वाटतं. असू दे, इथे एखादं कपाट लावून टाका."