पोटमाळ्यावरचा पाकोळ्यांचा कारखाना

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: किड्यांतलं मला कळतं. सगळं नाही, पण आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त! म्हणूनच गच्चीवरच्या माझ्या टोमॅटोंना अळी लागली तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

गच्ची सासऱ्यांची. खाली त्यांचं धान्याचं दुकान, मध्ये आम्ही, वर माझे टोमॅटो. आणि त्या गच्चीवर मेव्हण्याचा डोळा! त्याला तिथे कोंबड्या पाळायच्या होत्या.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "या मोसमात एक तरी न किडलेला टोमॅटो माझ्या ताटात पडला तर गच्ची तुमची. नाहीतर कोंबड्यांची."

"एक कसला? टोपली भरून देतो बाबा! आणि औषधाचा एक थेंब न फवारता!"

योजना फक्कड होती. टाचणीच्या टोकाएवढी एक गांधीलमाशी असते. माणसाला ती चावत नाही, तेवढी सवडच नसते तिला. किडीनं घातलेलं अंडं शोधायचं आणि त्यात आपलं अंडं घालून मोकळं व्हायचं. मग त्यातून अळी येतच नाही, नवी गांधीलमाशीच बाहेर पडते! या माश्या ज्यांत वाढताहेत अशी अंडी चिकटवलेली कार्डं माझा प्रयोगशाळेतला मित्र विकतो. त्याला आम्ही किडेमास्तर म्हणतो.

"दोन कार्डं घेऊन जा आणि झाडाला टांग," तो म्हणाला.

"विकत? छे! मी घरीच कारखाना काढतो. कृती सांग."

"अरे, या माश्या वाढवायच्या तर आधी पाकोळ्या वाढवाव्या लागतात. धान्यात होतात त्या. त्यांच्याच अंड्यांवर माश्या पोसायच्या."

"मग तर सोन्याहून पिवळं! सासऱ्यांचं धान्याचंच दुकान आहे!"

किडेमास्तरानं कपाळावर हात मारला. "झाकणं तरी घट्ट लाव बाबा," एवढंच म्हणाला.

दुकानाच्या पोटमाळ्यावर मी गुपचूप पातेली मांडली. आत भरडलेला मका आणि पाकोळ्यांची अंडी, वर झाकण. चार दिवसांत बायकोनं विचारलं, "अहो, माझी झाकणं कुठे गेली?" झाकणं मुकाट्यानं परत केली आणि पातेल्यांवर फडकी बांधली. फडकी जुनी होती. किती जुनी, ते मला सासऱ्यांच्या आरोळीवरूनच कळलं.

"अरे, हे काय उडतंय!"

दुकानभर पाकोळ्या! तागडीवर पाकोळ्या, पोत्यांवर पाकोळ्या, सासऱ्यांच्या चष्म्यावर पाकोळ्या! सासरे वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन धावत सुटले. एक पाकोळी नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या टकलावर बसली. सासऱ्यांचा नेम चांगला आहे. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

मग आला दुकानाला पिठाची पोती देणारा गिरणीवाला, सासऱ्यांचा लंगोटीयार.

"तुझ्याच पोत्यांतून आल्यात या!" सासरे कडाडले.

"माझ्या? तुझ्या दुकानात कधी झाडू फिरतो का ते बघ आधी!"

दोघांचं बोलणं बंद झालं. मी कोपऱ्यात उभा राहून पोत्यावरची अक्षरं वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी सासरे आंघोळीला गेल्यावर पातेली पोत्यात कोंबून बाहेर नेली आणि किडेमास्तराचे पाय धरले.

"एकच कार्ड उरलंय," तो म्हणाला. "पुढचं महिन्यानं."

कार्ड घेऊन जिन्यात उभा राहिलो. वर माझी गच्ची, खाली सासऱ्यांचं दुकान. वाकून पाहिलं. गिऱ्हाईक एकही नाही, सासरे एकटेच रिकाम्या तागडीवरची धूळ पुसत बसलेले. मुकाट्यानं खाली उतरलो आणि कार्ड पोत्यांमागच्या खिळ्याला अडकवलं.

तेवढ्यात मेव्हणा काखेत कोंबडी घेऊन हजर! "बाबा, माझ्या कोंबड्या सोडतो दुकानात. एकूण एक पाकोळी टिपतील!"

कोंबड्यांनी मुख्यतः गहू टिपला. पाकोळ्यांचा बंदोबस्त पोत्यांमागे माझ्या माश्या करत होत्या. अंड्यांतून नवी पाकोळी निघेना, जुन्या पाकोळ्या सासऱ्यांच्या वर्तमानपत्राखाली आल्या, आणि हळूहळू दुकान साफ झालं. बाकीची गिऱ्हाइकं परतली. सासऱ्यांनी गिरणीवाल्याला स्वतः बोलावून चहा पाजला.

"कोंबड्यांनी दुकान वाचवलं!" सासरे सगळ्यांदेखत म्हणाले.

मला राहवेना. "बाबा, कोंबड्यांनी नाही, ते..."

"ते काय?"

माश्या म्हटलं की कार्ड आलं, कार्ड म्हटलं की पातेली आली, आणि पातेली म्हटलं की आम्ही नवराबायको रस्त्यावर आलो!

"ते... बरं झालं म्हणतो मी."

"बरं, टोमॅटोचं काय झालं?"

गच्चीवरचा शेवटचा टोमॅटो आणला. सासऱ्यांनी चिरला. आतून गुबगुबीत अळीनं डोकं वर काढलं. सासऱ्यांनी ती उचलून कोंबडीपुढे टाकली, आणि गच्चीचा निकाल लागला.

आता वर खुराडं आहे. मेव्हण्याला वास सोसत नाही, त्यामुळे ते मी झाडतो. परवा मी झाडत असताना सासरे वर आले.

"जावईबापू, कोंबड्यांना पिसवा झाल्यात हो. तुम्हाला किड्यांतलं कळतं. औषधाशिवाय काही उपाय आहे का? एखादा दुसरा किडा वगैरे?"

"औषध फवारा बाबा!" मी ओरडलोच. "भरपूर फवारा!"